क्लोरिनची तीनास एक खूण

श्रोतेहो, नमस्कार.

बंदिस्त तलावावर पोहायला गेलात की दारातच नाकाला झोंबणारा वास येतो. ‘किती क्लोरिन ओतलंय!’ असं आपण म्हणतो. पण तो वास मुख्यतः ट्रायक्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवीतल्या युरियाची क्लोरिनशी गाठ पडली की ते तयार होतं. पाण्यात फार काळ न राहता ते हवेत उडतं. डोळे चुरचुरतात, खोकला येतो. काठावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या जीवरक्षकाच्या तर ते श्वासाश्वासाला छातीत जातं.

गावात पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर जलसुरक्षक ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन, टेस्ट करतो. नळीत पाणी, ओटीचे थेंब, आणि पिवळा रंग. ही तपासणी मोलाची आहे, ती चुकवू नयेच. मात्र क्लोरामाइननंही, म्हणजे नत्राशी बांधलेल्या क्लोरिननंही, पिवळा रंग येतो. मग हे क्लोरिन मोकळं की बांधलेलं, हे एकट्या रंगावरून कसं कळणार?

इथं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र, कामाला येतं. सिलिकोनची एक बारीक नळी घ्यायची. तिच्या बाहेर तलावाचं पाणी, आत निर्वात पोकळी. पाणी बहुतेक बाहेरच राहतं. क्लोरामाइन, क्लोरोफॉर्म मात्र सिलिकोनमधून झिरपून आत शिरतात. तिथं त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो आणि विद्युतभारित तुकडे वजनाप्रमाणे वेगळे होतात. हीच नळी हवेतही धरता येते. नमुन्यावर आधी कसली प्रक्रिया करावी लागत नाही.

आता क्लोरिनची गंमत ऐका. त्याचे अणू दोन वजनांचे असतात, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी हे दाखवलं. त्यामुळे मोनोक्लोरामाइनची पडद्यावर दोन शिखरं दिसतात, ५१ आणि ५३ वर. पहिलं दुसऱ्याच्या तिप्पट उंच. ट्रायक्लोरामाइन तीनपैकी एक क्लोरिन गमावतं, दोन उरतात, आणि ते ८४, ८६, ८८ वर दिसतं. उंची नऊ, सहा, एक. क्लोरोफॉर्मही एक क्लोरिन गमावतं आणि त्याच्या अगदी शेजारी, ८३, ८५, ८७ वर, त्याच प्रमाणात दिसतं. पण ८५ वर डायक्लोरामाइनही हक्क सांगतं! मग ८३ चं शिखर मोजायचं, त्याचा दोन तृतीयांश भाग ८५ मधून वजा करायचा. उरेल ते डायक्लोरामाइनचं. मला हा हिशेब फार आवडतो.

क्लोरिनच्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतं, हे १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी प्रसिद्ध केलं. म्हणून टीसीएल टाकणं थांबवा, असं मी कधीच म्हणणार नाही. कॉलऱ्याची भीती क्लोरोफॉर्मच्या भीतीहून कितीतरी मोठी आहे.

तलावांच्या पाण्यावर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अर्नेस्ट ब्लॅचली यांच्या गटानं याच पद्धतीनं काम केलं. २०१४ मध्ये त्यांनी आणि चिनी सहकाऱ्यांनी दाखवलं, की युरिक आम्लापासूनही ट्रायक्लोरामाइन बनतं. आणि तलावात हे आम्ल घामातून जेमतेमच येतं. जवळजवळ सगळं येतं ते लघवीतून.

नमस्कार.