पंचवटीचे पासवाले

[नाशिकरोड स्थानक, पहाट]

सात वाजायला अजून अवकाश आहे, पण पासवाल्यांचे घोळके आपापल्या ठरलेल्या खांबाशी येऊन उभे राहिलेत. आपला डबा कुठे लागतो, हे बघायला त्यांना इंडिकेटर लागत नाही. पंचवटी एक्स्प्रेस 1 नोव्हेंबर 1975 रोजी सुरू झाली. इथून मुंबई 188 किलोमीटर; रोज जायचं आणि रात्री घरी जेवायला यायचं, हे नाशिककरांना जमलं ते हिच्यामुळे.

[परतीचा प्रवास, डब्याच्या आत]

खिडकीशी बसलेल्या मावशींनी मेथी काढलीये. पानं डब्यात, काड्या पिशवीत. खाली एक काडी पडली, तर समोरचे काका नुसते बघतात, तेवढं पुरतं. रेल्वेला शिव्या घालायच्या आणि डबा मात्र घरासारखा ठेवायचा, अशी ही माणसं आहेत.

[कसारा, मागून जोडली जाणारी इंजिनं]

पंचवटी इथे येईपर्यंत अंधार पडतो, म्हणून हे चित्रण दुपारच्या एका लांब पल्ल्याच्या गाडीचं. कसारा घाटात 37 मीटरमागे एक मीटर चढ आहे. एकट्या इंजिनाला एवढी गाडी ओढवत नाही. मग मागून बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात. कपलिंग अडकतं, ब्रेकचे पाइप जोडले जातात, शिट्टी होते, आणि पुढून ओढत, मागून रेटत गाडी बोगद्यांतून वर निघते. इगतपुरीला बँकर सुटतात. घाटात तीन मार्ग आहेत, पण इगतपुरीपुढे मनमाडपर्यंत दोनच. मेल, मालगाडी, वंदे भारत, सगळ्यांना तेच रूळ. वाट कुणी बघायची, हे पासवाल्यांना पाठ झालंय.

[नाशिकरोड, इंडिकेटर]

मुंबईला जाणारी राज्यराणी एक्स्प्रेस पूर्वी मनमाडहून सुटायची. जानेवारी 2020 मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. आता मराठवाड्यात झालेला उशीर नाशिकच्या माथी येतो. गोदावरी एक्स्प्रेस त्याच वर्षी कोरोनात थांबली. काहींनी नोकरी बदलली, काही कल्याणला राहायला गेले, ज्यांना परवडतं ते समृद्धीनं जातात.

[पासवाल्यांचा घोळका]

मागणी एकच: मनमाडहून सुटणारी, सकाळी वेळेत मुंबई गाठणारी आणखी एक गाडी. 2027 च्या सिंहस्थाला जादा गाड्या सुटतीलच. पर्वणी आटोपली की त्यातली एक आमच्यासाठी ठेवाल का, एवढंच हे विचारतायत.