रक्त परत येतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

एका काचेच्या नळीला उंदराचं हृदय टांगलेलं आहे. वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम. शरीर नाही, मेंदू नाही, तरी धडधडतंय. कारण नळीतून प्राणवायू मिसळलेलं, ३७ अंशांचं क्षारयुक्त पाणी त्याच्या वाहिन्यांत उतरतंय. ऑस्कर लँगेनडॉर्फ यांची ही १८९५ सालची मांडणी प्रयोगशाळांत आजही वापरतात.

आता तोटी बंद करायची. अर्ध्या तासाने उघडायची. हृदय पूर्ववत चालू लागेल असं वाटतं ना? पुष्कळदा ते नुसतंच वेडंवाकडं थरथरतं. मग त्याच्या चकत्या करून एका रसायनात बुडवल्या, की जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो, मेलेला फिकट पांढरा राहतो.

आणि या पांढऱ्या भागातला काही हिस्सा तोटी उघडल्यानंतर मेलेला असतो! प्राणवायू तुटला, की पेशीच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाकेंद्रात, सक्सिनेट नावाचं इंधन साचतं. प्राणवायू येताच ते झपाट्याने जळतं, त्या घाईत इलेक्ट्रॉन उलटे ढकलले जातात आणि सुपरऑक्साइड या प्राणवायूच्या घातक रूपाचा लोट उठतो. ही उलटी वाट २०१४ मध्ये उलगडली. त्यात कॅल्शियमचीही भर पडते आणि पेशीचं कंबरडं मोडतं.

हा लोट थोपवणारी द्रव्यं शोधायला आता वनस्पतींकडे वळू. झाडाला पळून सावलीत जाता येत नाही. ऊन, बुरशी, सगळं जागच्या जागी निस्तरायचं. त्यासाठी द्राक्षाच्या सालीत रेझव्हेराट्रॉल असतं, कांद्यात आणि सफरचंदाच्या सालीत क्वेर्सेटिन, चहात कॅटेचिन. ही द्रव्यं आधी देऊन उंदराच्या हृदयावर असे प्रयोग केले, तेव्हा पांढरा भाग लहान झाल्याचं अनेकदा दिसलंय.

'आधी' हा शब्द मात्र निसटू देऊ नका. उंदराच्या झटक्याची वेळ संशोधक ठरवतो, आपली कोण ठरवणार? शिवाय क्वेर्सेटिन पोटात गेलं, की आतडं आणि यकृत त्याचं रूप पालटून टाकतात. मूळ रूपात ते रक्तात फारच थोडं पोचतं. त्यामुळे हे रेणू हृदयात जाऊन थेट आग विझवतात, हे मला पटत नाही. ते पेशीला किंचित डिवचतात आणि पेशी स्वतःची संरक्षक विकरं वाढवते, हे जास्त संभवतं. त्याला वेळ लागतो.

हा लोट शमेल या आशेने दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा अनुभव तर निराशाजनकच. २००२ मध्ये जाहीर झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं ई आणि क जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटिन दिलं. हृदयविकार कमी झाला नाही. उलट नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ८०५ वृद्ध पुरुषांच्या १९९३ सालच्या अभ्यासात चहा, कांदा, सफरचंद यांतून फ्लॅव्होनॉइड, म्हणजे क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं, जास्त घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी होते. अर्थात सफरचंद खाणाऱ्याच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असू शकतात.

तुम्ही विचाराल, रक्त परतल्याने नुकसान होत असेल, तर बंद वाहिनी उघडायची तरी कशाला? कारण ती बंद राहिली, तर पांढरा भाग आतल्या थराकडून बाहेर पसरत जातो. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत वाहिनी बंद झाल्यावर साधारण २० मिनिटांतच स्नायू कायमचा मरायला लागला होता. छातीवर दाब आला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर हातातला चहा खाली ठेवा आणि आधी रुग्णवाहिका बोलवा.