भिंत पाच अणूंची

(दृश्य: पिवळ्या उजेडातली प्रयोगशाळा)

ही पवईची आयआयटी मुंबई. आतला उजेड हळदीसारखा पिवळा, कारण सिलिकॉनच्या चकतीवर लावलेला फोटोरेझिस्ट, म्हणजे नक्षी उमटवायचा लेप, निळ्या-जांभळ्या प्रकाशाने बिघडतो. माणसंही नखशिखांत झाकलेली. डोक्यातला कोंडा चकतीवर पडला, तर त्याखालचे ट्रान्झिस्टर कामातून गेलेच! नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं हे केंद्र 2006मध्ये उभं राहायला लागलं, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या जोडीने.

(दृश्य: ट्रान्झिस्टरचा आडवा छेद)

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. गेट ही त्याची चावी. गेटला व्होल्टेज दिलं, की खालच्या सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन वाहतात. दोघांच्या मध्ये वीज अडवणारा थर असतो, सिलिकॉन डायऑक्साइडचा. काचेचाच म्हणा ना. नळ लहान करायचा, तर हा थरही पातळ हवा, नाहीतर खाली गेटचं कुणी ऐकत नाही. करता करता 2003च्या सुमारास तो 1.2 नॅनोमीटरवर आला. जेमतेम पाच अणूंची जाडी.

आणि चावीच ठिबकायला लागली.

इलेक्ट्रॉन चेंडूसारखा भिंतीवर आपटून परत येत नाही. त्याची लाट भिंतीत शिरते, विरत जाते. भिंत फारच पातळ असेल, तर थोडी पलीकडे उरतेच. याला टनेलिंग म्हणतात. नाव फसवं आहे, बोगदा कुणीच खणत नाही. पण वीज वाया जाते, चिप तापते.

मग भिंत जाड करायची? हो, पण काचेची नव्हे. हॅफ्नियम हा धातू असलेल्या ऑक्साइडचा थर जाड असला, तरी गेटची पकड सुटत नाही, कारण त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे गेटचा विद्युत प्रभाव पलीकडे पोचवायची क्षमता, काचेच्या कितीतरी पट आहे. 2007मध्ये इंटेलने ‘45 नॅनोमीटर’ नावाच्या तंत्राने बनवलेल्या चिपमध्ये तो वापरला. चाळीस-एक वर्षं चाललेला साध्या काचेचा कारभार तिथे संपला.

(दृश्य: हातात पेन ड्राइव्ह)

गंमत म्हणजे, हीच गळती इथे मुद्दाम घडवतात. फ्लॅश मेमरीत व्होल्टेजच्या जोरावर इलेक्ट्रॉन भिंतीपार ढकलतात आणि व्होल्टेज काढून घेतात. आत कोंडलेले ते इलेक्ट्रॉन म्हणजे तुमच्या भाचीच्या बारशाचे फोटो. वर्षानुवर्षं टिकतात. मात्र दर पुसण्या-लिहिण्यात भिंत जराशी झिजते. हजारो फेऱ्यांनंतर पेन ड्राइव्ह नवं काही घ्यायला नकार देतो. आपण तो दोनदा झटकून पुन्हा लावून बघतो.