साडेतीनशे शब्दांचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनमधील विद्यापीठांचे पदवीप्रवेशाचे अर्ज 'यूकास' या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. या संस्थेने २००७ मध्ये अर्जांसोबत आलेली सुमारे ५०,००० आत्मनिवेदने, म्हणजे अर्जदारांनी स्वतःविषयी लिहिलेले छोटे निबंध, संगणकाच्या साह्याने एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा २३४ अर्जदारांनी बालपणीचा एकच प्रसंग सांगितल्याचे उघड झाले. आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना प्रत्येकाच्या पायजम्याला जळून भोक पडले होते आणि त्या भोकातूनच प्रत्येकाला विज्ञानाची गोडी लागली होती! आपल्याला हसू येते. पण कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना परदेशी अर्ज करणाऱ्या आमच्या मुलांच्या अशा निबंधांचे मसुदे वाचले, तेव्हा हाच पायजमा मला निरनिराळ्या वेशांत भेटत राहिला. कधी तो आजोबांच्या आजारपणात डॉक्टर होण्याचा निश्चय करी, कधी खेळण्यातली मोटार उघडून इंजिनिअर होई.

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांत हे छोटे निबंध कशासाठी मागतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या 'कॉमन अ‍ॅप' या सामाईक अर्जात मुख्य निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा असते. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देते, त्यांतील चार निवडायचे आणि प्रत्येकाचे उत्तर जास्तीत जास्त ३५० शब्दांत लिहायचे. यूकासचे निवेदन मात्र अक्षरे आणि मोकळ्या जागा धरून ४,००० च्या आत बसवावे लागते, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ते सलग न लिहिता तीन प्रश्नांच्या उत्तरांत विभागून द्यायचे आहे: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. ब्रिटिश प्राध्यापकाला तुमच्या स्वभावापेक्षा त्याच्या विषयाशी तुमची कितपत ओळख आहे यात अधिक रस असतो, तर अमेरिकी महाविद्यालयाला चार वर्षे आपल्या आवारात वावरणारा हा मुलगा विचार कसा करतो, हे पाहायचे असते. एकच निबंध दोन्हीकडे चालवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो सहसा दोन्हीकडे फसतो.

आमच्या मुलांची अडचण भाषेची असते असे मानले जाते. मला तसे वाटत नाही. अडचण निबंधाच्या सवयीची आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'मी पंतप्रधान झालो तर' यांसारख्या विषयांवर गाइडमधले सुविचार पेरून दहा वर्षे गुण मिळवलेल्या मुलाला, लिहिणाऱ्याने स्वतः मध्ये न येता सर्वांना मान्य होईल असे बोलणे म्हणजे निबंध, असेच वाटू लागते. प्रवेश अर्जाला नेमके उलट हवे असते.

एक उदाहरण सांगतो. एका विद्यार्थ्याने विज्ञानाच्या आवडीविषयी लिहून आणलेल्या मसुद्यात मला त्याचा स्वतःचा म्हणावा असा एकही शब्द सापडेना. बोलता बोलता कळले, की उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीला टँकरचे पाणी घ्यावे लागते आणि टँकरची वही तोच लिहितो. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचा तळ चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे दहा चौरस मीटरचा आहे. दहा हजार लिटरचा टँकर पूर्ण रिकामा झाला, तर टाकीतील पाणी एक मीटरने चढले पाहिजे. याने काठीवर खुणा करून मोजले, तेव्हा ते ८५ सेंटिमीटरच चढले. दीड हजार लिटर पाणी कुठे गेले, हा प्रश्न त्याने सोसायटीच्या सभेत विचारला. मोठी माणसे एकमेकांवर ओरडली, आणि पुढच्या आठवड्यापासून टँकर पूर्ण भरून येऊ लागला.

"हे का नाही लिहिलेस?" असे मी विचारले, तर तो म्हणाला, "सर, हे काय लिहायचं? घरचं भांडण आहे ते." पाण्याच्या टंचाईत वाढलेल्या मुलाला टंचाई ही सांगण्याजोगी गोष्ट वाटत नाही, आणि ऑलिम्पियाडचे पदक नाही म्हणून तो स्वतःला रिकामा समजतो.

या निबंधांविषयी बोलताना मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. अमेरिकेत पोहोचल्यावर १८ वर्षांच्या आनंदीबाईंनी २८ जून १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला जे पत्र पाठवले, ते आजच्या अर्थाने प्रवेशाचा निबंधच आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे त्यांनी लपवले नाही. आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध पत्करून आपण तुमच्या देशात आलो आहोत, हा निश्चयच आपली पात्रता समजावी, असे त्यांनी मांडले. आणि हेतू सांगताना, आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, ही एकच गोष्ट पुढे ठेवली. ही गोष्ट फिलाडेल्फियात बसलेल्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि सांगणारी व्यक्ती त्या परिस्थितीतूनच आलेली होती. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच सुचवतो, की पहिला खर्डा मराठीत करावा. इंग्रजीत सुरुवात केली की 'पॅशन' आणि 'लीडरशिप' हे शब्द न बोलावता येऊन बसतात. मराठीत मात्र "मला नेतृत्वाची तळमळ आहे" असे लिहिताना कोणाचाही हात अडखळतो. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे सल्लागार शहरोशहरी आहेत, आणि आता संगणकही क्षणात लिहून देतो. निवेदन आपले स्वतःचे आहे, ते कोठून उतरवलेले किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले नाही, असे यूकास अर्जदाराकडून लिहून घेते आणि निवेदने आजही एकमेकांशी ताडून पाहते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखेची यूकासची मुदत १५ ऑक्टोबरला तेथील संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला संपते. तेव्हा शेवटच्या रात्री वीज जाण्याची वाट पाहू नये.

टँकरवाल्या मुलाचा मसुदा ५२० शब्दांचा झाला होता आणि तो ३५० वर आणायचा होता. जलसंवर्धनाचे महत्त्व सांगणारी प्रस्तावना गेली, सभेतली आरडाओरड दोन ओळींत आली. शेवटी उरले 'पाणी हेच जीवन' हे वाक्य. ते त्याला फार प्रिय होते, दोन दिवस त्याने ते धरून ठेवले. तिसऱ्या दिवशी ते काढून त्याने तिथे लिहिले, की टँकर रिकामा होत असताना वर पाणी चढवणारा पंप चालू राहिला असता तर मोजमाप चुकले असते, आणि तो बंद ठेवण्याची आठवण त्याला चौकीदारकाकांनी करून दिली होती.