सुपात पाखडलेली दीर्घिका

नमस्कार मंडळी! आजीला सुपात तांदूळ पाखडताना बघितलंय ना? कोंडा वाऱ्यावर जातो आणि दाणे जड, ते सुपातच पडतात. आज ज्याबद्दल बोलतोय ते पाखडणं साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर चाललंय.

उत्तरा फाल्गुनीच्या जरा पूर्वेला हजाराहून जास्त दीर्घिकांचा (दीर्घिका म्हंजे अब्जावधी ताऱ्यांचं एक कुटुंब, आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक) घोळका आहे, कन्या दीर्घिकासमूह, एप्रिल-मेच्या रात्री आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. त्यातल्या बहुतेक बटू दीर्घिका, म्हंजे आपल्या आकाशगंगेपुढे अगदी चिमुकल्या. आपल्याला वाटतं दीर्घिकांच्या मधे नुसती पोकळी असेल, पण नाही हो, तिथे एकदम विरळ वायू भरलाय आणि तो कोट्यवधी अंश तापलेला आहे, इतका की एक्स-रेमधे चमकतो.

आता या वायूत एखादी छोटी दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरने घुसली की काय होणार बघा. हवा पडलेली असली तरी बाइक पळवली की तोंडावर वारं बसतंच, तसंच तिच्यावर बसतं आणि तिच्यातला वायू मागे उडायला लागतो. याला रॅम प्रेशर म्हणतात, गन आणि गॉट या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मधे याचं गणित मांडलं. मोठी दीर्घिका कडेचा वायू घालवते पण मधला धरून ठेवते, छोटीचं गुरुत्वाकर्षणच कमी, ती बिचारी पार कोरडी होते. तारे मात्र दाण्यांसारखे, त्यांना हे वारं लागतच नाही. म्हणून लांबून सगळं जागच्या जागी दिसतं, पण नवे तारे ज्याच्यापासून बनायचे तो थंड हायड्रोजनच गेलेला असतो. निळे, तापट तारे थोडक्या काळात संपतात आणि उरतात म्हातारे, तांबूस. अशीच छोटी दीर्घिका समूहापासून लांब एकटी असेल तर ती सहसा आजही तारे घडवत असते, म्हणून मी म्हणतो दोष आकाराचा एकट्याचा नाही, शेजाराचाही आहे.

हा हायड्रोजन आहे की गेला ते कळतं कसं? रेडिओवर! तो २१ सेंटिमीटरच्या लहरीवर बोलतो, आणि ते ऐकायला आपल्या नारायणगावजवळ खोडद आणि आजूबाजूच्या परिसरात ४५ मीटरच्या ३० डिश उभ्या आहेत, जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. गेलात कधी त्या रस्त्याने तर थांबून बघाच.

आणि मला सगळ्यात जीव लागलाय तो आयसी ३४१८ या बटू दीर्घिकेला. तिच्या अंगात तारे बनणं सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी थांबलं. पण गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीने बघितलं तर मागे पन्नासेक हजार प्रकाशवर्षं लांब शेपूट, आणि त्या शेपटीत तरुण ताऱ्यांचे ठिपकेच ठिपके! उडालेला कोंडा वाटेत थंड झाला, गोळा झाला आणि पेटला. एकदा तारा झाला की त्याला वारं ढकलू शकत नाही, त्यामुळे त्यातले काही परत आईकडे पडतील आणि बाकीचे तसेच समूहात भटकत राहतील, कुठल्याच दीर्घिकेचे नसलेले.