छापील फूल नको, रंग मात्र हवा

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्या घरात सहसा रेडिओ नसतो. तेव्हा हे भाषण त्यांच्या कानावर जाण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, पण म्हणून काहीही बोलून चालणार नाही. हे लोक म्हणजे अमेरिकेतले अमिश. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास भागातल्या ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घेणाऱ्या, ख्रिस्ती मंडळींत १६९३ साली फूट पडली आणि याकोब अम्मान या धर्मोपदेशकाच्या मागे जे गेले, ते अमिश. पुढे अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊन शेती करू लागले, तिथून ओहायो आणि इंडियानात पसरले. आजही प्रवास घोड्याच्या बग्गीतून, बाहेरच्या तारांवरची वीज घरात नाही, आपापसातली बोली जर्मन वळणाची. पुरुषांचे कपडे गडद, बायकांचे झगे एकरंगी. भिंतीवर शोभेची चित्रं नाहीत, कपड्यावर छापील फूल नाही.

आणि याच घरांतल्या पलंगांवर अशा रजया असायच्या की पाहणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा एक रजई तुकड्यातुकड्याने डोळ्यांपुढे उभी करू. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातली, साधारण १९२०-३० च्या सुमाराची. लांबी-रुंदी सारखीच, साडेसहा फुटांच्या आसपास. मधोमध एक मोठा चौकोन, पण कोपऱ्यावर उभा केलेला, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा. तो डाळिंबी रंगाचा. त्याला हिरव्या रंगाची पट्टी. शंकरपाळ्याच्या चारी बाजूंना वांगी रंगाचे चार त्रिकोण बसवले की पुन्हा सरळ चौकोन तयार. त्याला परत एक पट्टी, आणि तिच्या बाहेर वीतभराहून रुंद असा निळा काठ. काठाच्या चार कोपऱ्यांत चार मोठे ठोकळे, परत डाळिंबी. संपली रजई. कापडाचे मोजकेच तुकडे. या नमुन्याला ‘डायमंड इन द स्क्वेअर’ म्हणतात.

यात पांढरा नाही, पिवळा तर बहुधा नाहीच, आणि सगळी गंमत तिथे आहे. पांढरा शेजारी असला की डोळा बाकीचे रंग त्याच्याशी ताडून पाहतो आणि ते काळवंडल्यासारखे वाटतात. पांढरा काढून टाकला की डाळिंबी, जांभळा, गुलबक्षी, मोरपंखी हे गडद रंग आतून पेटल्यासारखे दिसतात. त्यातून लाल आणि हिरवा सारख्याच गडदपणाचे घेऊन शेजारी ठेवले, तर दोघांमधली रेघ डोळ्यांना स्थिर दिसत नाही, थरथरते. शिवाय लँकेस्टरच्या जुन्या रजयांचं कापड बारीक लोकरीचं. लोकर रंग खोलवर धरते, सुती कापडाला ती झाक येत नाही.

आता हे रंग आले कुठून? एक लोकप्रिय उत्तर असं, की बिचाऱ्या बायकांचं दडपलेलं मन रजईत मोकळं झालं. मला हे पटत नाही. अमिश मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या गटात, काय चालेल आणि काय नाही, याचे नियम असतात; त्यांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. हे नियम बहुतेक अलिखित आणि गावागणिक, मंडळीगणिक वेगळे. त्यांचा रोख मिरवण्याविरुद्ध असतो, रंगाविरुद्ध नव्हे. छापील कापड म्हणजे मिरवणं. एकरंगी कापड चालतं, मग तो रंग जांभळा का असेना. बायकांचे आणि लहान मुलींचे झगे त्याच जांभळ्या, निळ्या, हिरव्या कापडाचे शिवले जात. अंगावर जे चालत होतं, तेच अंथरुणावर गेलं. यात बंड वगैरे काही नाही. उलट छापील कापडावर फुली पडली, म्हणून रंगालाच सगळं काम करावं लागलं, आणि या बायकांनी ते त्याच्याकडून करून घेतलं.

नियम किती सूक्ष्म असतात, ते पेनसिल्व्हेनियातच मिफ्लिन परगण्याच्या खोऱ्यात दिसतं. तिथली ‘नेब्रास्का’ नावाने ओळखली जाणारी मंडळी सगळ्यांत कर्मठ. त्यांच्या रजयांत तपकिरी, निळे रंग आणि चार किंवा नऊ चौकोनांचे साधे नमुने. ओहायो-इंडियानात मात्र कापड सुती, छोट्या त्रिकोणांचे गुंतागुंतीचे नमुने आणि काळ्या रंगाचा सढळ वापर.

आपल्या गोधडीशी तुलना मनात येणारच. पण आपली गोधडी जुन्या लुगड्यांची, धोतरांची. वापरून मऊ झालेलं कापड हाच तिचा जीव. अमिश रजईला बरेचदा दुकानातून नवं कापड आणलेलं असे. काठ इतका रुंद आणि सलग असायचा की तो चिंध्यांतून निघणं शक्यच नव्हतं. म्हणजे काटकसरीतून ही कला जन्मली, हे म्हणणं अर्धंच खरं. आणखी एक: ही कला त्यांनी युरोपातून आणलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास इंग्रजी बोलणाऱ्या शेजारणींकडून ती उचलली. शेजारणी नव्या फॅशनकडे गेल्या, या जुन्या साध्या नमुन्यांवर राहिल्या.

वरचं कापड जोडायचं पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर. त्यात कमीपणा मानत नाहीत. मग खाली अस्तर, मध्ये कापसाचा पातळ थर, आणि तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून बसवायचे. बायका चौकटीभोवती बसतात आणि हाताने टाके घालतात. पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या साच्याने आधी नक्षी आखून घ्यायची: काठावर पिसांच्या वेली, शंकरपाळ्यात तारा आणि त्याभोवती पानांचं कडं, बारीक पट्टीत भोपळ्याच्या बियांची रांग. चांगल्या हाताचे इंचाला दहा-बारा टाके पडतात. दोरा बहुधा गडद, कापडात मिसळून जाणारा. त्यामुळे समोरून पाहिलं तर फक्त रंगांचे चौकोन. खिडकीतून तिरपा उजेड आला की सगळी नक्षी वर येते. जिथे छापील फुलाला मनाई, तिथे फुलं टाक्यांत शिरली होती. मला ही रजई त्या तिरप्या उजेडातच खरी आवडते.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या रजया जमवणाऱ्या जोडीने अमेरिकन रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, त्यात अमिश रजयाही होत्या. समीक्षकांना आधुनिक अमूर्त चित्रकला आठवली. चित्रकार जोसेफ आल्बर्स १९५० पासून चौकोनात चौकोन रंगवत होता. या बायकांच्या रजया त्याच्याही आधीच्या. त्यानंतर व्यापारी गावोगाव दारं ठोठावत फिरले. बऱ्याच घरांनी रजया खुशाल विकल्या: जुन्या, काळपट वाटणाऱ्या, आणि मुलं पाच-सहा तर चांगली रजई एकच, मग ती द्यायची कुणाला? सॅन फ्रान्सिस्कोच्या एस्प्रिट या कपड्यांच्या कंपनीने त्या आपल्या कचेरीच्या भिंतींवर लावल्या. त्यांतल्या ऐंशीहून अधिक रजया २००२ मध्ये लँकेस्टरच्या संग्रहालयाने परत विकत घेतल्या.

मग पर्यटक आले आणि धंदा उभा राहिला. गिऱ्हाईक फिके रंग मागतं, फुलं मागतं, आणि बायका ती बनवतात. घरी चालत नसलेलं दुकानात चालतं. एकीने कापायचं, दुसरीने जोडायचं, तिसरीने आखायचं, चौथीने टाके घालायचे. टाके घालणारीची मजुरी बरेचदा दोरा किती वार लागला त्यावर ठरते. लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मॉंग बायकांचे हातही १९८० च्या दशकापासून या कामात आहेत, हे मात्र दुकानातल्या चिठ्ठीवर नेहमी लिहिलेलं नसे.

तुमची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत असतील, तर लँकेस्टर तिथून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. वसंतात गेलात तर ‘मड सेल’ पाहा. गावच्या स्वयंसेवी अग्निशामक दलासाठी हा लिलाव भरतो. बर्फ वितळून मैदानात चिखल असतो, म्हणून हे नाव. नांगर, बग्गी, घोडे आणि रजया एकाच दिवशी बोलीवर चढतात. रजई हातात आली तर उलटी करून अस्तराकडून टाके पाहा. माणसांचे चेहरे मात्र फोटोत घेऊ नका, त्यांना ते आवडत नाही. आणि रविवारी जाऊ नका, अमिश दुकानं त्या दिवशी बंद असतात.