ही सूचना कोणासाठी?

विषय जाहीर झालाय संगणकावरच्या स्वरलेखनातल्या सूचनांचा: त्या कुठे टाकायच्या, किती मोठ्या, कोणत्या फाँटमध्ये. ते सगळं सांगतो. पण आधी तबल्याची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आमच्या वाद्यवृंदासाठी एक तराणा मी म्युझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये लिहिला. दोन व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला. शेवटच्या तिहाईआधी, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणाऱ्या तुकड्याआधी, लय निम्मी करायची होती. सर्वांत वरच्या ओळीवर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवर, मी टाइप केलं, ‘इथून निम्मी लय’. ठळक केलं, मोठं केलं, माउसने ओढून नेमकं जागेवर बसवलं. पूर्ण स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र पानावर, ते पाचही वाद्यांच्या ओळींच्या माथ्यावर असं झळकत होतं की मी खूश! तालमीला प्रत्येकाच्या हाती आपापला पार्ट, म्हणजे फक्त त्याच्या वाद्याचं पान, दिला. तिहाई आली. पहिलं व्हायोलिन संथ झालं, बाकीचे चौघे त्याच लयीत पुढे. तबलजी तिहाई संपवून समेवर आले तेव्हा व्हायोलिन अर्ध्या वाटेत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘माझ्या कागदावर कुठे लिहिलंय?’

नव्हतंच लिहिलेलं. कंट्रोल-टी दाबून येतो तो स्टाफ टेक्स्ट. तो ज्या वाद्याच्या ओळीवर टाकला, त्याच वाद्याच्या पार्टमध्ये छापला जातो. सोबत शिफ्ट दाबली की सिस्टिम टेक्स्ट, तो सर्वांच्या पार्टमध्ये जातो. स्कोअरच्या पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं दिसतात. म्हणून मी म्हणतो, अक्षर सजवण्याआधी सूचना कोणासाठी आहे ते ठरवा.

हिंदुस्थानी संगीताची स्वरलिपी घडवणाऱ्या भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं कोणी वापरली आहेत? हात वर करा. अरे वा, निम्मं सभागृह! मग तुम्हाला हे पाठच आहे. वर स्वर, त्याखाली बोल, त्याखाली तालाच्या खुणा. फुली दिसली की सम, शून्य दिसलं की ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली मात्रा. शून्याचा फाँट कोणता, असं कोणी विचारतं का? जागाच अर्थ सांगते. हे त्यांनी छापखान्यातल्या खिळ्यांवर साधलं.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे. मग भराभर.

भावाच्या सूचना पाश्चात्त्य लेखनात इटॅलिकमध्ये असतात आणि प्रोग्रॅम तेच आपल्या मराठीवर लादतो. इटॅलिक लॅटिन हस्ताक्षराच्या वळणातून आलं. देवनागरी नुसती कलती केली की सगळे काने वाऱ्यात झुकल्यासारखे दिसतात. ते बंद करा, वजन बदला किंवा आकार. सरगम लिहीत असाल तर जोर द्यायला अक्षराखाली रेघ मुळीच नको. भातखंडे वाचलेला डोळा तिला कोमल स्वर समजतो. वेलांटी आणि उकार वर-खाली जागा खातात, म्हणून ओळींतलं अंतर थोडं वाढवा. हे सगळं प्रत्येक शब्दावर हाताने करू नका; फॉरमॅटमध्ये स्टाइल, त्यात टेक्स्ट स्टाइल्स, तिथे एकदा बदललं की त्या जातीच्या सगळ्या सूचना बदलतात. आणि कागद पाठवायचा तर पीडीएफ पाठवा, समोरच्याकडे तुमचा फाँट असेलच असं नाही.

दाराजवळच्या टेबलावर त्या तराण्याच्या दोन्ही प्रती ठेवल्या आहेत, जुनी आणि सुधारलेली. जाताना तबल्याचं पान तेवढं नक्की बघा.